मोदकांची कबुली

रक्तातली साखर वाढली तशी गडब गावच्या विठूतात्यांचा भात, गूळ, गोडधोड सगळं पुण्याच्या लेकीने, दिशाने, बंद केलं. स्वतःच्या शेतातला तांदूळ घरात पडून आणि तात्यांच्या ताटात उकडलेला दुधी. यंदा गणपतीलाही दिशाला कंपनीतून सुट्टी मिळाली नव्हती.

आरती आटोपली. शेजारच्या निशिगंधाने नैवेद्याला करून आणलेले मोदक तात्यांनी तिच्याच डब्यात परत भरायला लावले, "पोरांना दे" म्हणून. तेवढ्यात दिशाचा फोन आला.

"तात्या, मोदक नाय ना खाल्ले?"

"खाल्ले की, चांगले चार-पाच! वर वाटीभर भातपण."

दिशा जी सुरू झाली ती थांबेचना. डॉक्टर, गोळ्या, पायाची जखम, सगळं काढलं. तात्या आपले "व्हय गो बाय, चुकलं" म्हणत फोन कानाला घट्ट धरून बसले.

फोन संपल्यावर निशिगंधा म्हणाली, "तात्या, तुम्ही तर मोदकाला हातपण लावला नाय. मग खोटं कशाला बोललात?"

तात्यांनी दुधीचं ताट पुढे ओढलं.

"नाय खाल्ले म्हटलं, की ती 'शाब्बास' म्हणते आणि फोन ठेवते गो."