भुपेंद्रचा भाऊ

केवळराम आपल्या लेकीचं देवानंदशी ठरलेलं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मोडायला आले, तेव्हा तो अंगणात बसून मोटारसायकलची चेन पुसत होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. सरळ ओसरीवर गेले आणि त्याच्या मोठ्या भावासमोर, भुपेंद्रसमोर, बसले.

भुपेंद्रसमोर आवाज चढवणं आमगावच्या आसपास कोणालाच जमलं नसतं. तो कबड्डीत राज्याकडून खेळला होता. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र होतं, चढाईच्या पवित्र्यातलं. गुडघा गेला, खेळ सुटला, तरी मान तसाच राहिला. आता तो गावातल्या पोरींना कबड्डी शिकवायचा.

केवळराम खाली पाहत बोलले. तुमच्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही, म्हणाले. भावासाठी तुम्ही जे करता ते सारं गाव पाहतं. पण नशेच्या गोळ्या खाणाऱ्याच्या घरी प्रेरणाला कशी देऊ?

भुपेंद्रने सगळं ऐकून घेतलं.

"तुमचं चुकत नाही, काका," तो म्हणाला.

बातमी यादोरावने आणली होती. यादोराव धानाचा व्यापारी. कामासाठी राजनांदगावला गेला असताना तिथल्या एका व्यसनमुक्ती केंद्राच्या व्हरांड्यात त्याला हे दोघे भाऊ दिसले. देवानंद बाकावर डोकं धरून बसला होता आणि भुपेंद्र त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. यादोराव गावात परतला आणि दिवस मावळायच्या आत घरोघरी कळलं.

मग लोकांना एकेक आठवत गेलं. पोरगा किती वाळला. हाक मारली तर लवकर ओ देत नाही. देवानंद शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. पालकांनी शाळा चालवणाऱ्या संस्थेत जाऊन सांगितलं, नशेडी माणसाच्या हाती आमची लेकरं नको. संस्थेने दुसरा ड्रायव्हर ठेवला. देवानंदने किल्ली परत केली आणि वाद घातला नाही. वाद घातला नाही म्हणजे खरंच असणार, असं लोक म्हणाले.

भुपेंद्रचा मान मात्र वाढला. एवढा मोठा खेळाडू, पण लाज न धरता भावाला घेऊन परराज्यात जातो, तिथं त्याच्याजवळ बसून राहतो. शाळेने व्यसनविरोधी कार्यक्रमात त्यालाच बोलावलं. तो मुलांसमोर उभा राहिला. एकदा हे लागलं की माणूस आईच्या डोळ्यांत पाहू शकत नाही, इतकं बोलला आणि खाली जाऊन बसला. बायांनी पदर डोळ्यांना लावले. भाऊ असावा तर असा, असं त्या दिवशी गावभर झालं.

दोघांची आई रुख्मा हातपंपावर गेली की बाया तिला समजावायच्या. एकाने नाव काढलं, एकाने घालवलं, तुमचा काय दोष. रुख्मा पाण्याचा गुंड भरायची आणि घराकडे वळायची. पुढे ती लांबच्या विहिरीवर जायला लागली.

साक्षगंध मोडल्याच्या आठवड्यातच प्रेरणा मैदानावर आली. तिचं आमगावात शिलाईचं दुकान होतं. बापाला न विचारता ती एकटीच आली होती. पोरींचा सराव संपेपर्यंत ती कडेला थांबली.

"भाऊजी, तो बरा होते का?"

"होते," भुपेंद्र म्हणाला. "वेळ लागते."

"मंग मले डॉक्टरच्या तोंडून ऐकाचं आहे. पुढच्या खेपेले मले संगं न्या."

घरी हे कळल्यावर देवानंद पहिल्यांदाच भावावर चिडला.

"तिले कायले नेता, दादा? मी सांगून देतो तिले, दुसरा पाहून घे म्हून."

"येऊ दे तिले," भुपेंद्र म्हणाला आणि तोंड फिरवून भिंतीकडे पाहत बसला.

तिघं आमगावहून गाडीत बसले. डब्यात गोंदियाच्या एका माणसाने भुपेंद्रला ओळखलं आणि त्याच्यासोबत फोटो काढून घेतला. भावाची गोष्ट त्याच्याही कानावर आली होती. मग प्रेरणाकडे वाकून तो हळू आवाजात म्हणाला, की ऐसा भाई नसीबवालों को मिलता है. देवानंद खिडकीबाहेर पाहत होता. डोंगरगड स्टेशन मागे गेलं तरी त्याने मान वळवली नाही.

प्रेरणा त्याच्या शेजारी सरकली.

"मी थांबीन," ती म्हणाली. "बाबाले समजावीन. पण तू मले खोटं सांगू नोको."

देवानंदने खिडकीच्या गजावर डोकं टेकवलं. समोरच्या बाकावर भुपेंद्रने डोळे मिटून घेतले होते, पण तो झोपलेला नव्हता.

केंद्राच्या व्हरांड्यात बरेच लोक बसले होते. बापाला घेऊन आलेली एक मुलगी होती, नवऱ्याजवळ पेंगत असलेली एक बाई होती. इथं भुपेंद्रकडे कोणी वळून पाहत नव्हतं. प्रेरणा दोघा भावांच्या मधे बसली. डॉक्टरला काय काय विचारायचं ते ती मनात जुळवत होती. लग्नानंतर त्रास परत होऊ शकतो का. घरच्यांनी कसं वागावं. ओरडावं की ओरडू नये.

दार उघडलं. नर्सने बाहेर डोकावून तिघांकडे पाहिलं.

"पेशंट के साथ घर से कौन आया है?"

प्रेरणाने भुपेंद्रकडे पाहिलं. उत्तर तो देईल म्हणून ती थांबली. देवानंदही भावाकडेच पाहत होता.

"सांग," भुपेंद्र त्याला म्हणाला.

देवानंद उठला आणि त्याने भुपेंद्रच्या खांद्यावर हात ठेवला.

"मैं आया हूँ," तो नर्सला म्हणाला. "इनका छोटा भाई."