तांडेलाची अट

"दहा," लहूने मोजलं.

"पंधरा कर," धाकू म्हणाला.

नमिता दाराच्या चौकटीत बसवलेल्या पाइपाला लटकत होती. "बाबा, दहा ठरले होते."

"आता पंधरा."

मढच्या कोळीवाड्यात धाकूची बोट आहे. तांडेल तोच, बोटीवर शब्दही त्याचाच. पाच महिन्यांपूर्वी एक खलाशी गावी गेला तो परतलाच नाही. ती जागा नमिताने मागितली. बायका मासळी विकतात, बोटीवर चढत नाहीत, असं धाकूने सांगून पाहिलं. मुलगी ऐकेना तेव्हा म्हणाला, "जाळं ओढायला दंडात ताकद लागते. पाइपाला लटकून दहा वेळा स्वतःला उचलून दाखव, मग बघू."

तेव्हा तिला एकही पुल-अप जमत नव्हता. पहिले तीन आठवडे ती नुसती लटकली. मग स्टुलावरून हनुवटी पाइपाच्या वर न्यायची आणि दहा आकडे मोजत सावकाश खाली यायचं. तळहात सोलले. शेजारच्या शांताबाईंनी विचारलं, "काय गं सोनूबाई, पोरीला बोंबलासारखी वाळत घातलीस काय?" आई हसली. नमिता हसली नाही. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पहिला जमला.

आणि आज सकाळी धाकूने खलाशी पुरवणाऱ्या ठेकेदाराला फोन करून बाहेरचा माणूस ठरवून टाकला. किती वेळा उचलतोस, असं त्याला कुणी विचारलं नाही.

अकरा. बारा. तेराव्याला तिचे पाय झटकले गेले. चौदा. पंधराव्याला हनुवटी पाइपाला घासली, पण वर गेली.

"झाले पंधरा," लहू म्हणाला. तो तिचा चुलतभाऊ, धाकूच्याच बोटीवर खलाशी.

"वीस लागतील," धाकू म्हणाला.

नमिताने पाइप सोडला. "त्या नव्या माणसाला किती लागतील? आणि तुला रे? एक मारून दाखव. एकच. नाय जमला तर मला बोटीवर घे. जमला तर मी परत तोंड उघडणार नाय."

"जा गं."

"एक, बाबा!"

धाकू पाइपाखाली आला. डावा हात वर करून त्याने पाइप धरला. उजवा हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. त्याने खांदा वाकवून पाहिला, ओठ आवळले. हात वर जाईना. नमिताला वाटलं, सोंग करतोय. मग तिने त्याच्या कपाळावरचा घाम पाहिला.

सोनूबाई पुढे आली आणि तिने पाइपावरचा त्याचा डावा हात हळूच खाली घेतला. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही.

लहू जमिनीकडे बघत म्हणाला,

"दोन हंगाम झाले, नमे. जाळं आम्हीच ओढतो, काका नुसता हात लावतो. तू बोटीवर आलीस तर तुला दिसेल, एवढीच भीती त्याला."