येनटोल्यातली मोटारशर्यत

सोमाजीने फोर्डचं शेवटचं दार उपटून मोहाच्या बुंध्याला टेकवलं आणि घाम पुसला. शर्यतीची गाडी हलकी हवी, असं त्याने नागपूरच्या क्लबात ऐकलं होतं. म्हणून मागची बैठक गेली, पायदानं गेली, मडगार्ड गेले, पुढची काच गेली. हलकं करण्यासारखं आता त्याचं पोट तेवढं उरलं होतं, पण ते त्याच्या ध्यानात आलं नाही.

घरची मालगुजारी जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. बापाच्या काळी येनटोला या पाड्यातली गोंड माणसं हाक मारली की यायची, वेठीला राबायची आणि उपाशी परत जायची. आता हुकूम गेला होता, पण त्याची चव सोमाजीच्या जिभेवरून गेली नव्हती. टोल्याच्या माळावर मोटारी पळवायच्या असं त्याने ठरवलं, तेव्हा माळ कोणाचा हे विचारायचं त्याला सुचलंही नाही. डांबराची रिकामी पिंपं वाकडीतिकडी मांडून घेतली. त्यांना वळसे घालत जायचं. पिंपाला धक्का लागला की बाद. सगळ्यांत आधी परतेल त्याला चांदीचा पेला. धावणारे तिघे होते: सोमाजी, लष्कराने विकायला काढलेली डिस्पोजलची जीप घेतलेला लाकडाचा ठेकेदार लटारू, आणि चांद्याचे एक डॉक्टर, ज्यांची मोटार चालायची कमी आणि खोकायची जास्त.

सकाळच्या सरावातच घोटाळा झाला. माळ टणक, पण वर वीतभर फुफाटा. तो असा उडाला की लटारूची जीप डॉक्टरांच्या मागे लागली, आणि सोमाजी पिंप समजून स्वतःच्या छत्रीवाल्याला वळसा घालून आला.

तो खवळूनच खाली उतरला. समोर धुरपता उभी होती. टोल्यातली ही म्हातारी. तिथल्या भांडणांचा निवाडा तीच करायची.

"मालक, औंदा आमचे बैल..." तिने सुरुवात केली.

"बैलाचं मंग सांग," सोमाजी म्हणाला. "पहिले हा फुफाटा बसव. पानी मार."

धुरपताने भरून आलेल्या आभाळाकडे पाहिलं. मग माळाकडे. मग मोटारींच्या चाकांकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"पानी लंब हाय, मालक. तनिस टाकू काय?"

"टाक. जाड टाक." पेंढ्याची कल्पना सोमाजीला पटली.

ती मागे वळून गोंडीत काहीतरी बोलली आणि सगळा टोला कामाला लागला. बाया, बाप्ये, म्हातारे डोक्यावर भारे घेऊन धावत होते. पाहता पाहता माळभर पिवळाधमक पेंढा अंथरला गेला. फुकटची माणसं एवढ्या हौसेने राबताना सोमाजीने बापाच्या काळीही पाहिली नव्हती. त्याला भरून आलं.

शर्यत रंगली. पेंढ्यावरून चाकं घसरायची, गाड्या आडव्या व्हायच्या, टोला आरोळ्या ठोकायचा. फेरी संपली की माणसं लाकडी आकड्यांनी पेंढा उलथून पुन्हा सारखा करायची. एकदा धुरपता स्वतः पुढे आली.

"मालक, त्या कोपऱ्यात कोनीच फिरलं नाई. पिंप तिकडं सरकवू काय?"

"सरकव," सोमाजी म्हणाला आणि डॉक्टरांकडे वळला. "पाहा, डॉक्टर. या लोकांमध्ये खेळाची आवड अशी निर्माण करावी लागते."

लटारूने निकालावर हरकत घेतली. त्याच्या मते सोमाजीने पिंप पाडलं होतं. सोमाजीच्या मते पिंप आपोआप पडलं होतं. फेरी पुन्हा घ्या, असं टोल्याने एकमुखाने सांगितलं. पुन्हा घेतली. मग आणखी एकदा. डॉक्टरांची मोटार वाफ सोडून मधेच बसली. शेवटी लटारूची जीप पेंढ्यात रुतली आणि सोमाजी जिंकला. पेला त्यानेच आणला होता. त्यानेच तो स्वतःला बहाल केला आणि टाळ्यांसाठी थांबला.

टाळ्या आल्या नाहीत. सगळी माणसं माळावर होती. ती पेंढा झटकून बाजूला रचत होती, आणि खाली सोन्यासारखा दाण्यांचा थर पसरला होता. बाया सुपं उंच धरून वाऱ्यावर उपणत होत्या.

"हे काय होय?" सोमाजीने विचारलं.

"धान, मालक," धुरपता म्हणाली. "रोगानं बैल मेले आमचे. धान तुडवाले, चुराले एक जोडी नाई उरली. आभाळ आलं. कापलेलं धान पुंजण्यातच सडलं असतं."

"तू तं तनिस म्हनली."

"चुरल्यावर तनिसच होते, मालक."

लटारू मोठ्याने हसला. मग आपल्या जीपने किती फेऱ्या मारल्या हे आठवून तो तिची रुतलेली चाकं मोकळी करायला गेला.

सोमाजीचे कान तापले. त्याच्या तीन पिढ्या धानावर पोसल्या होत्या आणि त्याला दाण्यांनी भरलेली पेंढी आणि रिकामा पेंढा यांतला फरक कळला नव्हता. वाड्यामागचं खळं त्याला आठवलं. बापाचं धान चुरायला याच टोल्याचे बैल आणि याच टोल्याची माणसं दिवसभर गोल फिरायची, बाप खाटेवर पडून हुक्का ओढायचा. बापाच्या आवाजात काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं. मग ते तसंच मिटून घेतलं. तो दारं नसलेल्या गाडीकडे वळला.

"थांबा, मालक."

धुरपता भरलेलं सूप घेऊन आली. तिने त्याच्या हातातला पेला घेतला, नव्या धानाने काठोकाठ भरला, वरून तळहात फिरवून सारखा केला आणि परत त्याच्या हातात दिला.

"हे काऊन?"

"चुराईची मजुरी. तुमच्या बाबाजीनं आमाले कधी देल्ली नाई. पन आमी कोनाले वेठीले नाई लावत."