जाळीमागून

दौंडच्या रेल्वे मैदानावर मिलिंदच्या हातून बॉल सुटला की लोक ओरडायचे, "काढा त्याला भाईर!" रेल्वेतले फिटर मारुतराव मात्र गोलच्या जाळीमागं येरझाऱ्या घालत त्या नवख्या गोलकीपरची बाजू घ्यायचे. "पोरगं शिकतंय, जरा दम धरा की!" असं लोकांना सुनवायचे आणि जाळीमागून त्याला सांगत राहायचे, "पुढं सरक... आता डावीकडं!"

दोन-तीन वर्षांत पोरगं तयार झालं, आणि शिरूरकडच्या एका कारखान्यानं नोकरी देऊन त्याला आपल्या संघात नेलं.

यंदा फायनलला तोच संघ दौंडसमोर आला. सामना बरोबरीत, शेवटचं मिनिट, आणि दौंडला पेनल्टी मिळाली. जाळीमागं मारुतरावांचा पाय एका जागी ठरेना. दौंडचा सतीश पेनल्टी कायम एकाच कोपऱ्यात मारतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"आज कप आपलाच हाय," ते शेजारच्याला म्हणाले.

सतीश धावत आला.

"मिलिंदा, उजवीकडं!" मारुतरावांच्या तोंडून निघून गेलं.



आणि मिलिंदानं नेहमीसारखं त्यांचं ऐकलं.