बावीस घरांची हरकत

"कोनाची काई हरकत?" कुलदीपने विचारलं.

गोटुलापुढच्या, म्हणजे सभाघरापुढच्या अंगणात बावीस घरांची माणसं बसली होती. कोणी बोललं नाही. जंगूने तेवढी चुन्याची डबी शेजाऱ्याकडे सरकवली. कुलदीप इंटरनेट कंपनीचा माणूस, सकाळीच एटापल्लीहून मोटारसायकलने आलेला. त्याने जरा वाट पाहिली आणि खुशीत फॉर्मवर पेन टेकवलं. "मंग हरकत नाई, असं लिहितो."

"थांबा, भाऊ," दिव्या म्हणाली. ती ग्रामसभेची सचिव, बावीस घरांच्या या टोल्यात येणारा प्रत्येक कागद तीच वाचून दाखवायची. "अजून कोनी हो म्हनलं नाई."

"नाई बी तं म्हनलं नाई."

"आमच्या इथी चूप बसनं म्हनजे हो नसते. एकेक घर तोंडानं हो म्हनते, तवा हो होते. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराले हे समजाले दोन सीझन लागले."

लोक हसले. कुलदीपही हसला, पण पेन काही उचललं नाही. कागदावर तर उलटंच छापलं होतं: पंधरा दिवसांत हरकत न आल्यास ग्राहकाची संमती गृहीत धरण्यात येईल. दिव्याने ते मोठ्याने वाचलं आणि मग सगळ्यांना कळेल असं सांगितलं. ग्रामसभेच्या वायफायवर आपण फोनमध्ये काय काय पाहतो ते कंपनी बघणार, टिपून ठेवणार आणि त्याप्रमाणे जाहिराती दाखवणार.

"दाखवनार काय, महिन्याभरापासून दाखवूनच राह्यली," ती म्हणाली. "काम आधी केलं, कागद आता आनला."

हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? महिन्यापूर्वी एका दुपारी, ग्रामसभेच्या ऑफिसात कोणी नाही असं पाहून, तिने फोनवर शोधलं होतं की लग्नाला पाच वर्षं होऊनही मूल होत नसेल तर नागपुरात कोणता दवाखाना चांगला. दुसऱ्या दिवसापासून टोल्यातल्या फोनाफोनांवर गुबगुबीत बाळं रांगायला लागली. 'आई व्हायचंय? आजच संपर्क करा.' वायफाय एकच, म्हणून कंपनीच्या लेखी अख्खा टोला एकच गिऱ्हाईक. पोरांना चेष्टेला विषय मिळाला आणि बायका घरं मोजायला लागल्या. मूल नसलेली घरं तीनच होती. सासूने तर फोन दिव्याच्याच पुढ्यात धरून विचारलं होतं, "पाय वो, कोनाचं असन हे?" दोष कोणाचा हे अजून डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. नाव फुटलं असतं तर टोल्याला मात्र संध्याकाळपर्यंत ठाऊक झालं असतं.

"ताई, यात वाईट काय आहे?" कुलदीप समजुतीने म्हणाला. "ज्याले जे लागते, तेच त्याले दिसते."

"मंग आमाले सगळ्याइले लेकरूच लागते काय?" मागून कोणीतरी म्हणालं.

"बरं, हरकत लिहितो. पन कारन द्या लागन. हा पाहा रकाना. कोनाले काय तरास झाला, नावासहित सांगा. नाई तं साहेब कागद वापस पाठवते."

दिव्या घरून ठरवूनच निघाली होती, की विचारलं तर सरळ सांगायचं. लाजण्यासारखं तिने काही केलं नव्हतं. लाजायचं तर कंपनीने. तरी उठून उभी राहिल्यावर तिची नजर आधी सासूकडे गेली.

"बस वो पोरी," सोमारी म्हणाली. "पयलं घर माहं आहे."

सोमारीची सत्तरी कधीच उलटली होती. रीत अशी, की ग्रामसभेत बोलणं तिच्या घरापासून सुरू व्हायचं. तिने दिव्याकडे पाहिलंही नाही. पदर सावरून ती कुलदीपसमोर सरकली.

"लिव रे बापू. नाव सोमारी. तो दवाखाना मीच पायला फोनात. मले लेकरू पायजे होतं. तुमच्या कंपनीनं गावभर करून टाकलं, आता मी तोंड कुठी दाखवू?"

अंगणात खसखस पिकली. कुलदीपने कपाळाला हात लावला. "आजी, तुमचं वय किती?"

"ते बी तुह्या कंपनीले मालूम असन. तिलेच विचार."

दुसरं घर लटारूचं. साठीचा लटारू जन्मभर एकटा राहिलेला. "मी बी पायलो," तो म्हणाला. "मले तं बायको बी नाई, तरी पायलो." जंगूला सात नातवंडं होती, त्याला आठवं पाहिजे होतं. सुकलूने सांगितलं, फोन त्याच्याकडे नाही, पण शेजाऱ्याचा मागून त्याने तोच दवाखाना शोधला. रकाना एका ओळीचा होता. तो भरला, मग समास भरला, मग कुलदीपने फॉर्म उलटा करून पाठीमागे लिहायला घेतलं. घरामागून घर बोलत गेलं, आणि प्रत्येक घराला तेच कारण होतं.

बाविसावं घर आलं.

"आता तुमचं, ताई," कुलदीप म्हणाला.

दिव्या पुन्हा उभी राहिली. "लिवा," ती म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. "दवाखाना मी शोधला होता. आमाले लेकरू पायजे."

लोक हसले, जसे आधी एकवीस वेळा हसले होते. तिची सासू तर सगळ्यात जोरात हसली.

कुलदीपने मान वर न करताच तिच्या नावापुढे लिहिलं: कारण, वरीलप्रमाणे.