कप्तानांची खोटी साक्ष

"चष्मा डावीकडच्या खणात आहे गं," कप्तान आरशासमोरून ओरडले.

बायकोने उजवीकडचा खण उघडला, चष्मा काढला आणि त्यांच्या नाकावर चढवला. "कोर्टात खरं काय ते सांगा," ती म्हणाली. "आणि पोरीचं नुकसान होईल असं काही बोलू नका."

ही दोन्ही कामं एकदम कशी जमवायची, ते मात्र तिने सांगितलं नाही. कप्तानांनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच ते शपथेवर खोटं बोलणार होते, आणि शाळा बुडवायला निघालेल्या पोरासारखे मनातून खूश होते.

पोरगी म्हणजे त्यांची भाची. लहानपणी मामाच्या खांद्यावर बसून तिने बोटी मोजल्या, मोठेपणी मामाच्याच हाताखाली काम शिकली आणि यंदा दुसऱ्या कंपनीच्या मालवाहू बोटीवर कप्तान झाली. तिच्या नव्या गणवेशाची घडीही मोडली नव्हती, तोच धुक्याच्या एका सकाळी बंदराच्या तोंडाशी तिची बोट समोरून येणाऱ्या बोटीवर नाकाला नाक आपटली. समोरची बोट नेमकी मामाची.

माणसांना खरचटलंही नाही. संत्र्यांच्या पेट्या तेवढ्या पाण्यात गेल्या आणि किनाऱ्यावरच्या पोरांची चंगळ झाली. पण दोन्ही कंपन्यांनी एकमेकींवर नुकसानभरपाईचे दावे ठोकले आणि प्रकरण सागरी कोर्टात गेलं.

मुद्दा अगदी साधा होता. समोरासमोर आलेल्या बोटींनी आपापल्या उजवीकडे वळायचं, हा समुद्रावरचा नियम. दोघी तशा वळल्या असत्या, तर एकमेकींना भोंगा देऊन सुखाने निघून गेल्या असत्या. म्हणजे कोणीतरी डावीकडे वळलं होतं. ज्याने हा पराक्रम केला, त्याच्या कंपनीला भरपाईचा भुर्दंड आणि त्याच्या परवान्यावर गदा.

भाचीने लेखी जबाबात सरळ लिहून दिलं होतं, 'डावीकडे मी वळले.'

ते वाचून कप्तानांना भरून आलं. धुक्यात भल्याभल्यांची गाळण उडते, पण असं तोंडावर कबूल कोण करतं? पोरीचा परवाना आत्ताच गेला, तर पुन्हा तिच्या हातात बोट कोण देणार? त्यांचं काय, वर्ष सरलं की निवृत्तीच. उभ्या हयातीत आपल्या चुकीने बोटीला ओरखडा उठला नाही, ही एकच मिरवण्याजोगी गोष्ट त्यांच्याकडे होती. घरी येईल त्या पाहुण्याला ते ती ऐकवत. आज तिच्यावर पाणी सोडायचं होतं.

कोर्टात त्यांच्या कंपनीच्या वकीलबाई मोठ्या खुशीत होत्या. "समोरच्यांनी कबुलीच दिलीय. तुम्ही फक्त 'मी उजवीकडे वळलो' म्हणा आणि खाली बसा. जेवायला घरी जाल."

"बरं," कप्तान म्हणाले.

पलीकडच्या बाकावर भाची बसली होती. मामाकडे बघून तिने हसायचा प्रयत्न केला, पण चेहरा उतरलेला होता. कप्तानांनी तिला डोळ्यांनीच धीर दिला.

न्यायाधीशांसमोरच्या टेबलावर दोन लाकडी बोटी ठेवल्या होत्या, एक लाल, एक निळी. साक्षीदाराने आपली बोट कशी वळली, ते सरकवून दाखवायचं.

"त्या वेळी तुम्ही काय हुकूम दिलात?" न्यायाधीशांनी विचारलं.

कप्तानांनी घसा खाकरला. "चूक माझी आहे, साहेब. मनात उजवीकडे होतं, तोंडातून डावीकडे गेलं. चाकावरच्या सुकाण्याने रीतीप्रमाणे हुकूम मोठ्याने परत म्हटला, तरी माझ्या लक्षात आलं नाही. या पोरीने... म्हणजे समोरच्या कप्तानांनी उगाच सगळं अंगावर घेतलंय."

वकीलबाईंच्या हातातलं पेन गळून पडलं.

"दाखवा बरं," न्यायाधीश म्हणाले.

कप्तानांनी निळी बोट सरकवली.

"डावीकडे म्हणालात ना? ही तर उजवीकडे गेली."

"हो, हो, डावीकडे," त्यांनी गडबडीने बोट फिरवली. खोटं बोलायची सवय नसली की हातही साथ देत नाहीत, असं त्यांनी मनाची समजूत घातली.

मग सुकाण्याला बोलावलं, आणि कप्तानांनी कपाळाला हात लावला. याला सांगून ठेवायचं ते विसरलेच होते! बरीच वर्षं सोबत काढलेला सरळ माणूस. लेखी जबाबात त्याने 'भोंग्यामुळे नीट ऐकू आलं नाही' म्हणून वेळ मारून नेली होती. आता शपथेवर 'उजवीकडे' म्हणाला, की सगळं मुसळ केरात. कप्तानांनी भुवया उंचावून त्याला जमतील तेवढ्या खुणा केल्या.

सुकाण्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग भाचीकडे पाहिलं. तिने हताशपणे मान हलवली.

"साहेब सांगतात तसंच झालं," तो हळूच म्हणाला. "ते डावीकडे म्हणाले. मी बोट डावीकडे घातली."

कप्तानांचा जीव भांड्यात पडला. काय माणूस आहे! एका नजरेत ओळखलं आणि बेधडक खोटं बोलला. याला आता घरी जेवायलाच बोलवायला हवं.

दुपारी निकाल लागला. भरपाई कप्तानांच्या कंपनीने द्यायची, कप्तानांनी परवाना जमा करायचा. भाचीला 'नातं घरी ठेवून बोटीवर येत जा' असा दम मिळाला आणि तिची सुटका झाली. वकीलबाई तोंड फिरवून निघून गेल्या. कप्तान मात्र तरंगतच बाहेर आले. हरल्याचा इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.

पायऱ्यांवर भाचीने त्यांना गाठलं आणि कडकडून मिठी मारली. मागे सुकाण्या रुमालाने डोळे टिपत उभा होता.

"रडतेस काय, वेडाबाई?" कप्तान तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले. "मामा मग असतो कशाला?"

"ते खरं रे मामा," ती नाक ओढत म्हणाली, "पण तुला कळलं कधी? तुला आयुष्यात कळू द्यायचं नाही, असं या सुकाण्याने आणि मी ठरवलं होतं."