तिसरा घाव

रविवारी सकाळी दहा वाजता, निवृत्त आरेखकाच्या स्वयंपाकघरात, ज्या टेबलावर एरवी भाजी निवडली जात असे त्याच टेबलावर, वाळूने भरलेली कापडी पिशवी मांडण्यात आली आणि तिच्या शेजारी हातोडी ठेवण्यात आली. समोरच्या खुर्चीवर जीवाश्म-संग्राहक मंडळाचा चिटणीस बसला होता. त्याला मुद्दाम बोलावून घेतले होते. आणि तो नाइलाजाने आला होता.

“काका, मी म्हणतो, हे सगळं हवंय कशाला?” तो म्हणाला. “राहू दे हातोडी तुमच्याकडे. मागतंय कोण?”

“नियम मागतोय,” आरेखक म्हणाले. “ज्याच्या हाताचा भरवसा उरला नाही, त्यानं हातोडी मंडळात जमा करायची. उद्या कपची उडून कुणाचा डोळा गेला म्हणजे? नियम केला कोणी?”

“तुम्हीच.”

“मग झालं तर. तीन घाव. जीवाश्माचा गोटा शिवणीवर, काठाच्या रेघेवर सरळ उघडला, तर हातोडी माझी. नाहीतर आजच घेऊन जा.”

बोलताना त्यांनी उजवा हात डाव्या हाताखाली दाबून धरला होता. त्यामुळे आता दोन्ही हात थरथरत होते.

त्यांची पत्नी खिडकीपाशी मांडीवर शाल घेऊन बसली होती. बाहेर लख्ख ऊन होते.

“काकू, बरं नाही का?”

“बरी आहे. जरा गारठा वाटतो.”

“गोटा कुठाय?” आरेखकांनी विचारले.

“माझ्याकडेच आहे. पुसतेय.”

“किती पुसशील? लग्नाला का न्यायचाय त्याला?” मग ते चिटणिसाकडे वळले. “हल्ली काय करतात, ठाऊक आहे ना? गोटा पाण्यात भिजवायचा, फ्रीजरमध्ये गोठवायचा. बाहेर काढायचा, पुन्हा भिजवायचा, पुन्हा गोठवायचा. शिवणीत मुरलेल्या पाण्याचा बर्फ होतो, तो फुगतो, आणि दगड आतून सैल पडतो. मग टिचकी मारली तरी उघडेल! याला काय दगड फोडणं म्हणायचं? हे दगडाला फितवणं झालं.”

“पण काका, आतलं दगड झालेलं पान तरी धड राहतं.”

“पान धड राहतं. फोडणारा राहत नाही.”

ही निंदा पत्नीने इतकी वर्षे ऐकली होती, की त्या निंदेतूनच सारी कृती तिला पाठ झाली होती. गेले काही आठवडे दुपारी आरेखक आडवे झाले की फ्रीजरमधल्या मटारच्या पिशवीमागून एक डबा बाहेर येई आणि त्यांना जाग येण्यापूर्वी परत जाई. आज मात्र ते पहाटेपासून स्वयंपाकघरातच वाळू चाळीत बसले होते. ते अंघोळीला गेले तेव्हा कुठे तिला डबा उघडता आला. तेव्हापासून ती शालीखाली दगड उबवीत बसली होती.

ती उठली. बटाट्याएवढा तो तांबूस गोटा तिने वाळूच्या पिशवीवर ठेवला. काठाभोवती फिरलेली पुसट रेघ वर येईल असा बेताने फिरवला. आणि परत जाऊन शाल मांडीवर ओढून बसली.

पहिला घाव वाळूत गेला.

दुसरा गोट्याच्या पाठीवरून घसरला. चिटणीस खिडकीबाहेर पाहू लागला.

तिसऱ्या वेळी आरेखकांनी हातोडी उचलली खरी, पण ती वर धरून ठेवणे त्यांना जमले नाही. तो घाव नव्हताच. हातोडी स्वतःच्या वजनाने खाली आली आणि रेघेवर टेकली. टक् असा बारीक आवाज झाला. गोटा शिवणीवर उघडला.

आत नेच्याचे एक पान होते. एका अर्ध्यावर ते उठून दिसत होते, दुसऱ्यावर त्याचा ठसा होता. शिरान् शिर मोजून घ्यावी.

मंडळाची एक रीत होती. दगड उघडला की हजर असलेल्यांपैकी एकाने मोठ्याने विचारायचे, आणि ज्याने फोडला त्याने सर्वांदेखत ‘मी’ म्हणायचे. चिटणिसाचा आवाज आनंदाने चढला.

“कोणी फोडला?”

आरेखकांनी तोंड उघडले होते. तेवढ्यात एक अर्धा त्यांनी पाहण्यासाठी उचलला, पानावरून अंगठा फिरवला, आणि अंगठा मध्येच थांबला. त्यांनी तो तुकडा गालाला लावला. वाळूच्या पिशवीवर, दगड होता तिथे, एक ओले वर्तुळ उमटले होते. चिटणिसालाही ते दिसले.

“जमिनीच्या पोटातला दगड, काका,” तो घाईघाईने म्हणाला. “युगानुयुगं ऊन पाहिलेलं नाही. गार असायचाच!”

“मी कुठं म्हटलं, गार आहे म्हणून?”

चिटणिसाने जीभ चावली.

पत्नी शालीची घडी करीत होती. शाल उचलली तेव्हा तिच्या मांडीवर कपड्याला पडलेला ओला डाग उघडा झाला. तिने त्यावर दोन्ही तळवे ठेवले. आरेखक तिच्या तळव्यांकडे पाहत राहिले.

“मांड्या गारठल्या असतील तुझ्या.”

“छे. एवढंसं काही नाही.”

“सांगायचं तरी.”

“आणि तुम्ही ऐकलं असतं!”

त्यांनी हातोडी टेबलावरून सरकवली. चिटणिसाचा हात पुढे आला होता. त्याला वळसा घालून त्यांनी ती पलीकडे, पत्नीच्या बाजूच्या कडेपर्यंत नेली आणि सोडली.

“काका,” चिटणीस हळूच म्हणाला, “उत्तर राहिलं. कोणी फोडला?”

आरेखकांनी दोन्ही अर्धे एकमेकांवर बसवून पाहिले. ते बरोबर बसले.

“हिनं फोडला.”